शेवटच्या नळाचं पाणी : प्रभाग ७ मधल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२६

२१ डिसेंबरला नगरपरिषद निवडणुकीचा निकाल लागला आणि मी प्रभाग ७ ची नगरसेविका झाले. त्याआधी चार वर्षं आमच्या नगरपरिषदेवर प्रशासक होते. त्या काळात लोकांनी अर्ज केले नाहीत असं नाही. आवक विभागात कागद द्यायचा, पोच घ्यायची आणि वाट बघायची, त्यापुढे कुणाचं दार वाजवायचं हेच कळत नव्हतं. निकालापासून माझ्या घरी जे कागद येताहेत त्यांत २०२२ आणि २०२३ च्या पोचपावत्या आहेत, काही प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेल्या.

आज सगळं एका वहीत उतरवलं. बंद दिवे, तुंबलेली गटारं, घंटागाडी न येणं, शाळेजवळची मोकाट कुत्री, वडील जाऊन वर्षं झाली तरी घरपट्टी त्यांच्याच नावावर असणं. पाण्याबद्दल मारुतीच्या देवळामागच्या गल्लीतून एकच अर्ज आहे, पण त्याच्याखाली गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातल्या बाईची सही किंवा अंगठा आहे. ‘नळाला गटाराचा वास येतो’ एवढंच लिहिलंय. पोच जून २०२३ ची.

इंदूरच्या भागीरथपुऱ्यातल्या बातम्या सध्या सगळेच वाचताहेत. स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिलं येणारं शहर, आणि पिण्याच्या लाइनीत घाण मिसळून माणसं दगावली. तिथेही लोक आधीपासून वासाची तक्रार करत होते, असं बातम्यांत आहे. म्हणून या वहीतलं पहिलं काम ही गल्ली.

माझ्या हातात काय आहे तेही इथे लिहून ठेवते, कारण लोक मला ‘तुम्ही सांगा, लगेच होईल’ म्हणतात. कर्मचाऱ्यांना आदेश देण्याचा अधिकार मुख्याधिकाऱ्यांचा. पैसा खर्च व्हायचा तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश एवढ्या पायऱ्या. मला विषय मांडता येतो, प्रश्न विचारता येतो, कागद बघता येतो आणि ठरावावर मत देता येतं. पुरेसं आणि आरोग्याला धोका नसलेलं पाणी देणं हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आवश्यक कर्तव्यांमध्ये आहे. निधी असला तर करू, अशी ती गोष्ट नाही. हे वाक्य मी सभेत वापरणार आहे.

१५ जानेवारी

पहाटे पाण्याच्या वेळी गल्लीत जाऊन थांबले. एक दिवसाआड पाणी, सोडायची वेळ साडेपाच. वरच्या आळीत साडेपाचला नळ सुरू झाले. इथे पाणी पोचायला सहा वाजून गेले आणि अर्ध्या तासात धार करंगळीएवढी झाली. पहिलं पाणी गढूळ आणि वासाचं. बायका ते सांडून देतात आणि पुढचं भरतात. पुढचं पाणी दिसायला स्वच्छ असतं, तेवढ्यावरच सगळ्यांचा भरवसा.

कोपऱ्यावरच्या आजींनी जे सांगितलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. वास रोज सारखा नसतो. वरच्या आळीत मोटारी जोरात चालू असल्या की वास वाढतो, आणि पहाटे लाइट गेलेली असली की पाणी कमी-जास्त येतं पण वास जवळजवळ नसतो. आजी शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्यांचं हे निरीक्षण कुठल्याही तपासणी अहवालाच्या तोडीचं आहे, कारण त्यातून कारणच हाती लागतं.

पाणी बंद झालं की लाइन अर्धी रिकामी होते. पुन्हा सोडलं की वरच्या घरांच्या मोटारी थेट नळाला लावलेल्या असल्यामुळे त्या पाणी ओढून घेतात आणि खालच्या टोकाला पाइपातला दाब उणा होतो. पाइपाला कुठे भोक असेल आणि ते भोक गटाराच्या पाण्यात बुडलेलं असेल, तर अशा वेळी पाइप आतलं पाणी बाहेर टाकत नाही, बाहेरचं आत ओढतो. चोवीस तास दाबाखाली असलेल्या लाइनीत गळती झाली तर पाणी वाया जातं. आपल्याकडच्या तासाभराच्या पाण्यात तीच गळती माणसं आजारी पाडते.

आशाताई, म्हणजे आरोग्य विभागाच्या आशा सेविका, सोबत होत्या. या गल्लीत जुलाबाचे रुग्ण पावसाळ्यातच असतात असं नाही, बारा महिने असतात, असं त्यांच्या वहीतून दिसतं. त्यांना ती वही आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवायला सांगितलं.

१९ जानेवारी

पाणीपुरवठा विभागात गेले. अभियंता साहेब तरुण आहेत, त्यांच्याकडे दोन गावांचा कार्यभार आहे, आठवड्यातले काही दिवसच इथे असतात. बोलायला सरळ माणूस. म्हणाले, “ताई, ती टोकाची गल्ली आहे. तिथे प्रेशर कमीच राहणार.”

लाइन किती इंची आहे, कशाची आहे आणि तिचा व्हॉल्व्ह कुठे आहे, एवढंच विचारलं. नकाशा काढला. तो योजना मंजूर झाली तेव्हाचा. त्यात प्रस्तावित लाइनी आहेत. प्रत्यक्षात कुठून टाकल्या, नंतर रस्ता रुंद झाला तेव्हा कुठे वळवल्या, नव्या वसाहतींना जोड कुठून दिले, यातलं काहीच त्यावर नाही. शेवटी साहेबच म्हणाले, “हे वॉलमन काकांना विचारावं लागेल.”

काका दोन-अडीच तपं या गावाचे व्हॉल्व्ह फिरवताहेत. ३१ मे ला निवृत्त होणार. त्यांच्या जागेवर कोण, हे ठरलेलं नाही. गावाची सगळी पाण्याची व्यवस्था एका माणसाला तोंडपाठ आहे आणि तो माणूस साडेचार महिन्यांत घरी जाणार आहे. गल्लीच्या लाइनीइतकंच हेही काम आज मी वहीत लिहिलं.

२२ जानेवारी

दिवे. प्रभागातल्या प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवायला लावला. ‘देवळाजवळचा दिवा’ अशा तक्रारीवर ठेकेदाराचा माणूस येतो, भलताच खांब बघतो आणि ‘चालू आहे’ म्हणून शेरा मारतो. खांबाचा क्रमांक लिहिला की हा वाद संपतो. दिवे संध्याकाळी बघायला निघायचं, दुपारी नाही.

२७ जानेवारी

आज काकांबरोबर पायी फिरले. साहेब आले होते. प्रभागातली स्थापत्य पदविकेला शिकणारी मुलगीही आली होती. भूमी अभिलेख कार्यालयातून सिटी सर्व्हेच्या नकाशाची प्रत आणली होती, ती चार तुकड्यांत करून फळ्याला लावली. काका सांगतील ते पेन्सिलीने त्यावर, आणि त्या जागेचं स्थान मुलीच्या मोबाइलवर.

काकांना इंच-मीटरमध्ये विचारलं तर ते अडखळतात. जागेवर उभं केलं की घडाघडा बोलतात. “या उंबरासमोर चार पावलं, इथं जुना टी (तीन तोंडांचा पाइपजोड) आहे.” “ही लाइन बिडाची, बँकेपर्यंत. पुढं सिमेंटची. ती फार ताण सोसत नाही, पाणी हळूच सोडावं लागतं.” “हा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, नवा माणूस बंद करायला जाईल आणि उघडून बसेल.” प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे किती, त्यातले किती फिरतात, कुठला पूर्ण बंद होत नाही, कुठल्यात गॅस्केट गेलंय, हे सगळं त्यांना पाठ. आम्ही प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक दिला आणि समोर हीच माहिती लिहीत गेलो. चावी कुठली लागते तेही. हे कुठल्याही नकाशात नसतं आणि पहाटेच्या अंधारात काम करणाऱ्याला नेमकं तेच लागतं.

देवळाजवळ आल्यावर काका थांबले आणि बुटाच्या टोकाने डांबर ठोकून दाखवलं. “गल्लीचा व्हॉल्व्ह याच्या खाली.” रस्त्याचं डांबरीकरण झालं तेव्हा चेंबर उंच न करता तसंच बुजवलं. त्या वेळी व्हॉल्व्ह निम्मा उघडा होता, तो निम्माच राहिला. काकांनी तेव्हाच वर सांगितलं होतं, तोंडी. नोंद कुठेच नाही. त्यानंतर अधिकारी बदलले आणि ‘टोकाची गल्ली’ हे उत्तर तेवढं राहिलं.

गल्लीत शिरल्यावर दुसरी गोष्ट दिसली. मुख्य लाइन रस्त्याच्या एका कडेला, निम्मी घरं दुसऱ्या कडेला, मधे उघडं गटार. त्या घरांचे जीआयचे (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप गटारातूनच नेलेत, एकमेकांना चिकटून, वेणीसारखे. काहींवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत. लोखंडी पाइप सतत सांडपाण्यात राहिला तर तो कुजणारच. काहींना बोटाने चाचपूनही भोक कळत होतं. गटाराला उतार नाही, त्यामुळे पाणी साचून राहतं आणि पाइप त्यात बुडालेले.

म्हणजे निम्मा बंद व्हॉल्व्ह, वरच्या मोटारी आणि गटारातले पाइप. तिन्ही एकत्र आल्यावर तो वास येतो. तिन्हींपैकी एकच दुरुस्त केलं तर भागणार नाही, हे साहेबांनीही मान्य केलं. पाहणीचा अहवाल आजच्या आज लिहून घेतला, तिघांच्या सह्या घेतल्या आणि आवकमध्ये देऊन पोच घेतली.

३ फेब्रुवारी

क्लोरीन तपासला. ओटी टेस्ट अगदी सोपी आहे. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकायचे आणि लगेच रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. वेळ गेला तर पाण्यातल्या घाणीशी बांधला गेलेला, ताकद उतरलेला क्लोरीनही रंग देतो आणि आपण फसतो, म्हणून लगेच. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकानुसार ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा क्लोरीन उरला पाहिजे.

टाकीखालच्या नळाला छान पिवळा रंग आला. वरच्या आळीत फिकट. गल्लीच्या शेवटच्या नळाला काहीच नाही, पाणी जसं होतं तसं. आजवर पालिकेच्या नोंदवहीत रोज ‘क्लोरीन आहे’ लिहिलं जातं, कारण तपासणी टाकीखालीच होते. ती नोंद खोटी नाही, पण गल्लीला तिचा काही उपयोग नाही. आत ओढल्या गेलेल्या घाणीवरच क्लोरीन खर्ची पडतो, शेवटच्या नळापर्यंत उरत नाही. तपासणीचे नळ बदलायला हवेत: एक टाकीखाली आणि प्रत्येक लाइनीच्या टोकाला एक. यासाठी निधी लागत नाही, मुख्याधिकाऱ्यांचा एक आदेश पुरतो. पत्र दिलं.

जीवाणू तपासणीसाठी नमुनेही पाठवले. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते. तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट असतं, क्लोरीन मारायला. नाहीतर प्रवासात क्लोरीन आपलं काम करत राहतो आणि नमुना आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. बर्फाच्या पेटीत घालून नेला. घरच्या बाटलीत पाणी भरून ‘ताई, तपासून आणा’ म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगितलं.

ब्लीचिंग पावडरीच्या खोलीतही डोकावले. पोती उघडी, पत्र्याच्या छताखाली, उन्हात. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतो, आणि उष्णतेने, दमटपणाने तो उडून जातो. वजन तेवढंच राहतं, ताकद जाते. पोती फळ्यांवर, सावलीत, बांधून ठेवायला सांगितली. आधी आलेलं आधी वापरायचं.

९ फेब्रुवारी

शाळेजवळची कुत्री. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचं आणि आवारांना कुंपण घालण्याचं सांगितलं आहे. इतर ठिकाणी प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३ चे नियम: नसबंदी, रेबीजची लस आणि पुन्हा त्याच भागात सोडणं. शाळेची पडकी भिंत बांधून घेण्याचं पत्र दिलं. शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायला लावलं: चावा बसला की आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

१६ फेब्रुवारी

नमुन्यांचा अहवाल आला. टाकीखालचं पाणी पिण्यायोग्य. गल्लीच्या टोकाचं अयोग्य, ई. कोलाय आढळले. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात एकही चालत नाही. ई. कोलाय म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेचा संपर्क. एरवी ‘वास येतो’ या तक्रारीवर मतभेद होऊ शकतात, या कागदावर होऊ शकत नाहीत.

संध्याकाळी गल्लीत बैठक घेतली. पुरुषांची मागणी बोअरची. “ताई, लाइनीचं काय होईल तेव्हा होईल. बोअर मारून द्या, आठ दिवसांत पाणी.” त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, बोअर लवकर होतो, डोळ्यांना दिसतो, त्यावर फलकही लागतो. पण दोन्ही बाजूंना शोषखड्डे आणि मधे तुंबलेलं गटार असलेल्या गल्लीत उथळ पाणी घाणीपासून सुटत नाही. त्या पाण्याला क्लोरीन कोण घालणार? मोटार जळली की दुरुस्ती कुणाकडे? आणि एकदा बोअर दिला की ही गल्ली नळाच्या यादीतून मागे पडते, ‘त्यांची सोय झाली’ म्हणून. मी बोअरला नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. दोन माणसं रागावून उठून गेली.

बायकांनी विचारलं, “मग तोवर प्यायचं काय?” हाच खरा प्रश्न. तोवर उकळून, खळखळा उकळी आल्यावर. ज्यांच्याकडे गॅस पुरत नाही त्यांना आरोग्य विभागाकडून क्लोरीनचे थेंब मिळतील. थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबायचं आणि झाकून ठेवायचं. पाण्याच्या दिवशी टँकर लावायची मागणी अहवाल जोडून दिली. आशाताई घरोघरी थेंब देणार आहेत.

२७ फेब्रुवारी

अंदाजपत्रकाची विशेष सभा. विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून मुदतीत लेखी दिला होता. ऐनवेळच्या विषयात घेतलेलं काम पुढे कुणीही अडवू शकतं. सूचक मी. अनुमोदक माझ्याच प्रभागातले दुसरे नगरसेवक, ते विरोधी पक्षाचे. दोन सदस्यांच्या प्रभागात हे दोघांचंही काम आहे, हे मी त्यांना घरी जाऊन सांगितलं होतं आणि अहवालाची प्रत दिली होती. सभेत ते माझ्यापेक्षा चांगलं बोलले.

‘हीच गल्ली आधी का, आमच्याकडेही पाणी कमी येतं’, असा प्रश्न आला. रास्त प्रश्न आहे. उत्तर असं दिलं: पाणी कमी असणं आणि पाणी दूषित असणं या दोन याद्या वेगळ्या करू. दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा कागद ज्या भागाचा असेल तो आधी. नमुने कसे घ्यायचे ते सगळ्या प्रभागांना सांगते. त्यावर तीन नगरसेवकांनी आपापल्या प्रभागाचे नमुने घ्यायचं ठरवलं. आजच्या ठरावाइतकाच मला याचा आनंद झाला.

वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो. लाइनीचं काम त्यातून. व्हॉल्व्ह आणि चेंबर देखभाल-दुरुस्तीतून. एकाच अंदाजपत्रकात सगळं घातलं असतं तर व्हॉल्व्हही निविदेसाठी थांबला असता.

११ मार्च

देवळाजवळचं डांबर फोडलं. काकांनी दाखवलेल्या जागी चेंबर सापडलं, पावलाचाही फरक नाही. व्हॉल्व्हचा स्पिंडल (फिरवायचा दांडा) गंजून बसला होता, नवा बसवला. चेंबर रस्त्याच्या पातळीला आणून झाकण बसवलं. दुसऱ्या पाण्याला गल्लीत साडेपाचनंतर काही मिनिटांतच पाणी पोचलं. धार वाढली. वास कमी झाला, पूर्ण गेला नाही. ओटीला अगदी फिकट रंग.

गल्लीत लोकांना वाटलं, झालं काम. आजच टँकर बंद करा म्हणायला विभागाचा माणूस आला. गटारातले पाइप आहेत तिथेच आहेत, लाइन होईपर्यंत टँकर चालू राहील, असं मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी घेतलं.

रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या कार्यादेशात एक अट घालायची सूचना दिली आहे: डांबर टाकण्याआधी व्हॉल्व्हची चेंबर उंच करायची आणि पाणीपुरवठा विभागाची त्यावर सही घ्यायची. सहीशिवाय बिल नाही.

४ एप्रिल

मोटारी. हे काम सगळ्यांत अवघड, कारण वरच्या आळीतही माझे मतदार आहेत. जप्ती करा, असं काहींचं म्हणणं. पाण्याच्या वेळेत त्या भागाची वीज बंद ठेवायची, ही दुसरी सूचना. काही गावांत तसं करतात. मी विरोध केला. एप्रिलच्या उकाड्यात घरोघरी आजारी माणसं आहेत, पहाटे अभ्यास करणारी मुलं आहेत, आणि ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचीही वीज जाते.

वरच्या आळीत घरोघरी गेले. मोटार का लावता, हेच विचारलं. उत्तर बहुतेक घरांत सारखं: शेजाऱ्याने लावली म्हणून. आधी लावणाऱ्यांची घरं दुमजली, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं होतं. त्यांना जमिनीलगत टाकी बांधायला सांगितलं. नळाचं पाणी दाबाने त्या टाकीत पडेल, मोटार टाकीला लावा, लाइनीला नाही. यात कुणाचं पाणी कमी होत नाही. साहेबांनी पाण्याचे दोन टप्पे पाडले: आधी खालचा भाग, मग वरचा. व्हॉल्व्ह आता फिरतो म्हणूनच हे शक्य झालं. टप्पे पडल्यावर वरच्या मोटारींना खालचं पाणी ओढताच येत नाही.

काही घरांनी टाक्या बसवल्या. काहींनी दार लावून घेतलं. त्यांना पालिकेची नोटीस गेली आहे, आणि ती मी थांबवणार नाही, असं त्यांना समोर सांगितलं.

२८ एप्रिल

कार्यादेश निघाला. त्याची प्रत आणि अंदाजपत्रकातली कामाची यादी मराठीत लिहून गल्लीच्या तोंडाशी लावली: पाइप कुठला, किती व्यासाचा, किती खोल, रस्ता पूर्ववत कोण करणार. ठेकेदार कोण हेही त्यावर आहे. नगरसेवकाचा ठेक्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष संबंध असेल तर त्याचं पद जातं, तरी लोकांच्या मनात शंका असतेच. कागद लावला की निदान विचारायला जागा राहते.

१४ मे

खोदाई सुरू. नवी लाइन गटाराच्या दोन्ही बाजूंना, घरांच्या प्रत्येक रांगेला एकेक. त्यामुळे एकाही घराचा पाइप गटार ओलांडणार नाही. सांडपाण्याच्या वाहिनीपासून पाण्याच्या लाइनीला ३ मीटरचं अंतर असावं असं पुस्तकात आहे, पण या गल्लीची रुंदीच तेवढी नाही. म्हणून जिथे अंतर मिळत नाही तिथे पाण्याची लाइन गटाराच्या तळापेक्षा वर ठेवायची, आणि गटाराला उतार देऊन ते वाहतं करायचं. गटाराचा उतार मूळ अंदाजपत्रकात नव्हता, तो साहेबांनी हट्टाने घालून घेतला. त्यांचं कौतुक इथे लिहिलंच पाहिजे.

बायकांनी पाळ्या लावून काम बघितलं. पाइपाखाली वाळू पडते की नाही, खडकाळ भागात खोली पुरेशी येते की नाही. एका ठिकाणी खडक लागला म्हणून पाइप वरच ठेवून माती ओढायचं चाललं होतं. तिघीजणी खड्ड्यापाशी बसून राहिल्या आणि ब्रेकर आल्यावरच उठल्या. मोजमाप पुस्तिकेत खोली लिहिताना त्यांना बोलवायचं, असं साहेबांनी कबूल केलं.

३० मे

काका उद्या निवृत्त होताहेत. नकाशा पूर्ण झाला. आमच्या प्रभागापुरता सुरू केला होता, काका म्हणाले, “बाकीचं गाव कशाला सोडता?” आणि उरलेल्या गावात तेच मुलीला घेऊन फिरले, सकाळचं पाणी सोडून झालं की. मोठी प्रत विभागाच्या भिंतीवर, एक मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात, व्हॉल्व्हची यादी छोट्या वहीत छापून नव्या कर्मचाऱ्याच्या खिशात. यादीच्या पहिल्या पानावर माहिती देणारे म्हणून काकांचं नाव आणि नकाशा काढणारी म्हणून मुलीचं नाव छापलं. नव्या माणसाने गेले काही दिवस काकांच्या देखरेखीखाली स्वतः पाणी सोडलं.

सभेत त्यांच्या गौरवाचा ठराव घेतला, एकमताने झाला.

१२ जून

नव्या लाइनीची दाबाची चाचणी झाली. दोन जोड गळले, ते उकरून पुन्हा केले. मग जास्त क्लोरीनचं पाणी रात्रभर भरून ठेवलं आणि सोडून दिलं. त्यानंतरच घरांचे जोड हलवायला सुरुवात. पाऊस सुरू झालाय, चिखल आहे, गल्लीतून चालणं कठीण. कुणी कुरकुर करत नाही.

२५ जून

नवीन लाइनीवरच्या शेवटच्या नळाला ओटीत पिवळा रंग आला. प्रयोगशाळेचा अहवालही आला: पिण्यायोग्य. टँकर बंद करायला मीच सांगितलं. टोकाच्या नळाची तपासणी आता रोजच्या नोंदवहीत आहे आणि ती सही आशाताईंसमोर होते.

एक गाठ राहिली. काही घरं अजून जुन्या लाइनीवर आहेत. पाणीपट्टीची थकबाकी असल्यामुळे त्यांचे जोड हलवायचे नाहीत, असं वसुली विभागाचं म्हणणं. थकबाकी भरलीच पाहिजे, यात वाद नाही. पण ही घरं जुन्या लाइनीवर आहेत तोवर ती लाइन चालू ठेवावी लागते, गटारातले पाइप तसेच राहतात, आणि त्या घरांतली लेकरं तेच पाणी पितात. शिवाय जुनी लाइन मुख्य लाइनीला जोडलेली असल्याने दाब उतरला की तिच्यातलं पाणी बाकीच्यांकडे परत येऊ शकतं. थकबाकी या घरांची असली तरी धोका सगळ्या गल्लीला आहे. त्यांतल्या दोन घरी गेले. एका घरात कमावता मुलगा गेल्या वर्षी वारला, दुसऱ्यात भाडेकरू आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवतात.

जुलैच्या सभेसाठी लेखी विषय दिला: थकबाकीचे हप्ते बांधून द्यावेत, पहिला हप्ता भरताच जोड नव्या लाइनीवर घ्यावा, आणि जुनी लाइन कायमची तोडण्याची तारीख त्याच ठरावात लिहावी. अनुमोदक म्हणून पुन्हा प्रभागातल्या दुसऱ्या नगरसेवकांची सही घेतली. पोच वहीला लावली आहे.